साहेबांच्या डोळ्यासाठी

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (आई म्हणते, काम असलं की आपल्याकडे गुडघ्यांची चौकशी होते. एरवी मला हे मान्य नाही, पण या वेळी तिचं बरोबर आहे.) मात्र हे पत्र पैशांसाठी नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तू निवांत वाचशील.

आमच्या गल्लीत एका गाडीवाल्याने घोडागाडी विकली आणि घोडा विजेच्या खांबाला बांधून तो निघून गेला. तो घोडा आता आमच्याकडे आहे. शेडमध्ये घोडा आणि उन्हात स्कूटर, अशी व्यवस्था आहे. हाक मारली की तोंड फिरवतो, म्हणून बाबांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. साहेबांच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली आहे. डोळा काढला नाही तर ती आत पसरेल आणि साहेब जातील, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन आहे. तारीख ठरल्यापासून घशाखाली घास उतरत नाही (माझ्या, साहेबांच्या उतरतो).

वर्गणीचं काम माझ्याकडे आलं. अर्धं खरं सांगून काही मागू नये, हे मी घरातच शिकले, त्यामुळे दारोदार सगळंच सांगितलं: घोडा म्हातारा आहे, चावतो, पुढे एका डोळ्याचा होईल, आणि जगेलच असं डॉक्टरीणबाई लिहून देत नाहीत. शिंप्याने विचारलं, मग त्याच्यात बरं काय आहे? मी पुष्कळ विचार केला आणि म्हटलं, भूक चांगली आहे. त्याने मशीन सुरू केली. दातांचे डॉक्टर देणार होते, पण त्यांना आधी घोडा बघायचा होता. साहेब त्यांना चावले (हाताला, वरवर). पट्टी मीच बांधली. पैसे काही त्यांनी दिले नाहीत, पण दात उत्तम असल्याचं सांगून गेले.

मग आई पिशवी घेऊन निघाली. प्रत्येक दारात तिने एवढंच सांगितलं: "पोरगी जेवत नाहीये, घोड्यासाठी काहीतरी द्या." संध्याकाळपर्यंत पिशवी भरली. शिंप्याने तर, पोरीला परत पाठवू नका, या अटीवर दिले. हे पैसे घोड्यासाठी मिळाले की माझ्यासाठी, हे माझं ठरायच्या आत आईने ते डॉक्टरीणबाईंकडे भरूनही टाकले.

तब्येतीला जप.

तुझी,
भाची

ता. क. : खरी धास्ती पुढेच आहे. भुलीतून उठताना घोडा घाबरून अर्धवट शुद्धीत उभा राहायला जातो, कोसळतो आणि पाय मोडून घेतो. पाय मोडला की संपलं. पूर्ण शुद्ध येईपर्यंत त्याला कुणीतरी नुसत्या आवाजाने धाकात ठेवायला हवं, आणि साहेब आमच्यापैकी कुणालाच जुमानत नाहीत. मागे तू बाबांना फोनवर झापलंस, तेव्हा स्पीकर चालू होता (माफ कर). तू फोन ठेवेपर्यंत साहेब चारा सोडून, मान खाली घालून उभे होते. गुरुवारी येशील का?

ता. क. २ : तेव्हापासून तू आमचा फोन उचलत नाहीस, आणि बाबांनी माफी मागितल्याशिवाय या घरात पाऊल ठेवणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. त्यांनी ती अजून मागितलेली नाही. हे लपवून तुला बोलावणं बरं नव्हे. आत्ताच त्यांना विचारलं, तर वर्तमानपत्रामागून म्हणाले, "ये म्हणावं. हवं तर तिचा सूर लागेपर्यंत मी समोर बसतो."