मोटार पुसायचं फडकं

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दसऱ्याची सकाळ मला विसरता येत नाही. आज गल्लीत एकजण नवी गाडी भर उन्हात कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसत होता. खिडकीतून ओरडणारच होते, पण म्हातारीला वेडी म्हणायला लोकांना निमित्तच हवं असतं. म्हणून कागद पुढे ओढला.

लग्न होऊन मी नाशकात आले तेव्हा तुम्ही वकीलसाहेबांची मोटार चालवत होता, आणि आपण त्यांच्याच बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. काळी कुळकुळीत मोटार. चांदवडहून धुळीत लोळून आली तरी तुम्ही तिला कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. "आधी नुसतं पाणी सोडायचं, सूनबाई. चिखल आपणहून सुटू द्यायचा. कोरडी धूळ पुसली की तीच रंग ओरबाडते." चाकांची बादली वेगळी, वरच्या अंगाची वेगळी. धुवायची ती सावलीत, आणि शेवटी ते मऊ विलायती चामडं ओलं करून, पिळून, टपावर पसरायचं आणि अलगद ओढायचं. घासायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोटच्या पोरालासुद्धा ह्यांनी कधी इतकं जपून पुसलं नाही."

खंडेनवमीच्या सकाळी तुम्ही नट आवळायचे पाने, पंप, जॅक पूजेसाठी पाटावर मांडलेत आणि शेजारी ते चामडं ठेवलंत. माझ्या माहेरी वहाण उंबऱ्याच्या आत येत नसे. देवाच्या तांब्याला चामडं टेकलेलं बघून मला कसंसंच झालं. तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात मी ते शुद्ध करायला म्हणून राखेच्या कढत पाण्यात बुचकळलं आणि चुलीवर धरून वाळवलं. त्याचा पापड झाला. आकसून, कडक होऊन ते माझ्या हातात उरलं. पंधराच दिवसांपूर्वी माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली होती, तेव्हा सासूबाई तुमच्यादेखत म्हणाल्या होत्या, "आणखी एक नुकसान कर, थेट माहेरी पोचवते." त्या बोलल्या की करायच्या. मी चामडं सरपणाखाली दडवलं; पूजेच्या गडबडीत ते तुमच्या ध्यानात आलं नाही. दुपारी मोटार धुऊन झाल्यावर तुम्ही ते शोधू लागलात, तेव्हा मी हाताला लागलं ते फडकं पुढे केलं. त्याच फडक्यानं मी सकाळभर विटेच्या चुऱ्यानं पितळ घासलं होतं.

"धुतलंय ना?"

"हो, मामंजी."

नुसतं झटकलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी मोटार बाहेर काढली. कोवळं तिरकं ऊन बॉनेटवर पडलं आणि त्यावर ओरखड्यांची वेटोळी दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. साहेब पूजेचं ताट घेऊन उभे, मी झेंडूचा हार घेऊन दारात. तुम्ही खांद्यावरचं कालचं फडकं काढलंत, बोटांत चोळलंत, बोट तांबडं झालं. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत, एकदाच. आता नाव निघणार आणि संध्याकाळच्या आत मी माहेरच्या वाटेला, असं मी धरून चालले.

तुम्ही म्हणालात, "साहेब, चूक माझी. डोळ्यांनी दिसेनासं झालंय. फडक्याला कच होती, ती दिसली नाही."

साहेबांना रंगाचं काही राहिलंच नाही. "म्हणजे? दिसत नसताना तुम्ही माझ्या पोरांना घाटातून नेलंत?" त्यांनी तिथल्या तिथे हात पुढे केला आणि तुम्ही किल्ली ठेवलीत. डॉक्टरकडे नेतो म्हणाले, तर तुम्ही नको म्हणालात. मी हार तसाच धरून उभी होते. मला धक्का बसला तो तुमच्या डोळ्यांचा. बिचारे मामंजी, एवढं अंगावर काढलं आणि बोलले नाहीत. आणि खोटं कशाला बोलू, मनातून सुटल्यासारखंही वाटलं. दोष डोळ्यांचा ठरला.

साहेब दयाळू, त्यांनी तुम्हाला फाटकावर बसवलं. नवा ड्रायव्हर आला, तो भर उन्हात मोटार धुवायचा, सुक्या चिंधीनं रगडायचा, एकाच बादलीत चाकं आणि टप. तुम्ही स्टुलावर तोंड फिरवून बसायचात. ज्याला दिसतच नाही तो माणूस बोलणार काय? दुपारी मी तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायची.

मग थंडीतली ती दुपार. मी चहा घेऊन आले तर तुम्ही पाठमोरे बसला होता. मांडीवर वर्तमानपत्र, आणि त्यातल्या बारीक ओळींवरून तुमचं बोट भराभर सरकत होतं. पान उलटलंत, वरचा कोपरा वाचून स्वतःशीच हसलात. डोळे धडधाकट होते तुमचे. माझ्यासाठी तुम्ही चाक सोडलं होतं, जन्मभराची विद्या सोडली होती, आणि वर रोज आंधळ्याचं सोंग वठवत होता.

मी पुढे होऊन पाय धरायला हवे होते. सासूबाईंना, तुमच्या चिरंजिवांना, साहेबांना, सगळ्यांना सांगायला हवं होतं. मी दोन पावलं मागे गेले आणि मुद्दाम बांगड्या वाजवल्या, तुम्हाला पेपर घडी करायला वेळ मिळावा म्हणून.

"कोण, सूनबाई? जरा वाचून दाखवतेस?"

मी वाचून दाखवलं. त्या दिवशी, आणि तुम्ही होता तोवर रोज. हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणून एवढं लिहिते. एकदा तुम्ही आधी चोरून वाचलेली एक आख्खी बातमी मी मुद्दाम गाळली, तुम्ही टोकता का ते बघायला. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात, आणि मला हायसं वाटलं.