ताईंचा रेट्स फोल्डर

सोम. १० नोव्हें.
…आणि म्हणूनच मी शेठना सारखी सांगत होते, सगळ्यांना सगळं उघडं नको. आज शेवटी ऐकलं! ऑफिसमध्ये सर्व्हर बसला. छोटासा काळा डबा, पण क्लिअरिंगच्या, म्हणजे पोर्टवरून माल सोडवायच्या, सगळ्या फाइल्स आता त्यात. आणि अ‍ॅडमिन कोण? मी!! सगळ्यात नवीन मीच, तरी.
दिवसभर परमिशन लावत बसले. गेटवाल्यांना फक्त गेटपास. अकाउंट्सवाल्यांना अकाउंट्स. रेट्स, म्हणजे कुठल्या पार्टीला कंटेनरमागे काय भाव, तो फोल्डर फक्त शेठ आणि वनिताताईंना. ताई इथल्या सगळ्यात जुन्या. पोर्टचे पेपर त्याच बनवतात. म्हणाल्या, "गो, तुझा डबा आमचा पसारा आवरल तवा खरा."

बुध. १२
शेठनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं.
म्हणाले, ताईंच्या भावाने इथे जवळच द्रोणागिरीला स्वतःचं क्लिअरिंग ऑफिस काढलंय. आमची एक जुनी पार्टी तिकडे गेली. आमचे भाव ताईंनीच फोडले, असा त्यांना संशय.
"वनिताचा रेट्स बंद कर. गुपचूप."
ताईंनी विचारलं तर?
"सांग काय ते कॉम्प्युटरमधलं. इंग्लिश शिकलीस ना?"
केलं. दोन क्लिक. परमिशन नसेल त्याला फोल्डर दिसतच नाही, हे सेटिंग मीच हौसेने चालू केलेलं.
दुपारी ताई: "माझा रेट्स कुठं गेला गो?"
म्हटलं, अपडेट चालू आहे. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पोळीवर सुक्या जवळ्याची चटणी वाढली. रोज वाढतात. आज मी पोळी तशीच गुंडाळून ठेवली.

गुरु. १३
एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. शेठचा पासवर्ड शेठना माहीतच नाही! रोज सकाळी ताई केबिनमध्ये जाऊन टाकतात. म्हणजे शेठच्या लॉगिनमधून त्यांना सगळं दिसतंच.
शेठना सांगितलं. "मग बदल ना." बदलला. कागदावर लिहून दिला, त्यांनी शर्टच्या खिशात ठेवला.
सिक्युरिटी म्हणून बरोबरच आहे हे. पण मला कसंतरी…

शुक्र. १४
शेठ एका नव्या पार्टीच्या लोकांना घेऊन आले. खुर्चीत बसले आणि सवयीने हाक मारली, "वने, ये गो, पासवर्ड टाक!"
मी जागची हललेच नाही. हलायला हवं होतं.
ताई गेल्या. टाकला. चुकीचा. परत टाकला, सावकाश, एकेका बोटाने. चुकीचा. शेठचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ताईंनी तो हात बघितला.
"बदललाव काय, शेठ?"
शेठ पार्टीकडे वळून, "चहा सांगा रे कुणीतरी."
ताई बाहेर येऊन माझ्या बाजूला बसल्या.
"अपडेट ना?"
मी उगाच एक फाइल उघडली.
मग हळूच म्हणाल्या, "भावाशी माझं बोलणं नाय. घराच्या वाटणीवरनं. भाऊबीजेला पन गेली नाय मी. शेठला हे म्हायत नाय."
मग सांगा ना त्यांना!
"मी कशाला सांगू? इतक्या वर्षांनी मी सफाई देऊ?"

शनि. १५
मीच सांगायला गेले. माझ्या आधी शेठच बोलले. सोमवारपासून वनिताचं सगळंच लॉगिन बंद. "तिच्याशी मी बोलतो मग."
शेठ, ताई भावाशी बोलत पण नाहीत.
"कोण बोललं तुला?"
ताईच.
"मग?"
मी माझ्या खुर्चीत परत आले. मी तरी कुठे ताईंच्या घरी गेलेय? पार्टी स्वतःहून पण गेली असेल. ताईंनी रेट दिले पण असतील. मला नाही वाटत. पण वाटणं म्हणजे काय…
आत्ता स्क्रीनवर त्यांचं नाव उघडं आहे. 'बंद'वर टिक केलीय, सेव्ह नाही केलं. काचेपलीकडे ताई एका ड्रायव्हरला झापतायत, "कागद घेतल्याबिगर पोर्टला पळतोस काय रं?"
सेव्ह नाही केलं तर शेठ दुसऱ्या कुणाला तरी अ‍ॅडमिन करतील, आणि तो करेल. केलं तर ताईंना पुरतं चोर ठरवणारी मी.
तुम्ही माझ्या खुर्चीत असता तर काय केलं असतंत?