कापूस आणि कूलर

बुधवार, ३ मे १९७८
सूनबाईने माझ्या बहिणीस अमरावतीला कळविले आहे की, ससा रविवारी आला, मी तो हौसेने मागून घेतला आणि आल्या दिवसापासून तो इथे रुळला आहे. तिन्ही विधाने चुकीची. ससा सोमवारी आला. मी मागितला नव्हता. मुलाची चंद्रपूरला बदली झाली, तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत, नात मुक्ता रडू लागली, म्हणून पिंजरा माझ्या बैठकीत आणून ठेवण्यात आला. रुळण्याविषयी: तो भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसतो. कोथिंबिरीची (सौ. तिला सांबार म्हणते; चाळीस वर्षे सांगून झाले) चार-दोन पाने पोटात गेली असतील. नाव कापूस.

४ मे
उन्हाळ्यातल्या पाहुण्याला कूलरसमोरची जागा द्यायची, ही या घराची रीत. कूलरच्या ताट्यांत यंदा नवा वाळा भरला आहे. माझी आरामखुर्ची मागे सारून पिंजरा नेमका झोतात ठेवला. उपयोग शून्य. पालक तसाच सुकला. शेजारचे नत्थूजी डोकावले. "गुरुजी, आमी आलो का पंखा, अन् सशाले कूलर?" मी 'आम्ही' असे सुधारून दिले. ते पालकाकडे पाहून म्हणाले, "तो नाही खात तं भजे करा, मी हाओ खायाले." हसू आले नाही. एवढासा जीव, असा आणखी किती टिकेल?

५ मे
दुपारी वीज गेली. घाम पुसत बसलो असता पिंजऱ्यातून कुरकुर ऐकू आली. कापूस पालक खात होता, देठांसकट. वीज आली, कूलर घरघरला, स्वारी पुन्हा कोपऱ्यात. सौ. दारात उभी होती.
"त्याले त्या घरघरीचं भेव वाटून राहिलं. पाहुणा म्हणून बोलावलं, अन् वाघाच्या तोंडापुढं बसवलं तुम्ही."
बोलावले नव्हते, एवढे मी स्पष्ट केले. उरलेल्या विधानावर आक्षेप घेता आला नाही.

६ मे
पिंजरा मधल्या खोलीत. काठ फुटलेला रांजण आडवा केला, वर ओले पोते. कापूस तत्काळ आत शिरला. गारव्याची सोय झाली, जेवणाची नाही. आवाज भिंतीपलीकडूनही पोचतो. संध्याकाळी कूलर बंद केला, तेव्हा खाल्ले. म्हणजे मी निथळावे, तेव्हा हा जेवणार.

९ मे
संध्याकाळी कूलर बंद. नत्थूजी येऊन पाच मिनिटांत उठून गेले. तेवढा एक फायदा. कापूस रांजणातून बाहेर आला, खोलीभर हुंगत फिरला आणि माझ्या धोतराचा काठ कुरतडला. नवे धोतर. मी आवाज चढवला.
"काहून वरडता? खाऊन तं राहिला."
धोतर हे खाद्य नव्हे, असे सौ.ला सांगितले.

१३ मे, शनिवार
मुलाचे पत्र. २१ तारखेस मुक्ताला घेऊन येतो. बाबांना त्रास नको. ससा रुळला नसेल, तर रामटेकला एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे देऊन टाकू. काय ते नक्की कळवावे. खाली मुक्ताचे अक्षर: 'आजोबा, कापूस नीट राहतो का? आई गोड गोड लिहिते. तुम्ही खरं लिहा.' एकही चूक नाही.
सौ.ला वाचून दाखविले. ती मेथी निवडीत होती. कोवळी पाने बाजूला काढीत होती, कोणासाठी ते विचारले नाही. रामटेकच्या शेतावर राखणीची कुत्री असतील, एवढेच मी म्हणालो.
"मंग लिहा नं, रुळला म्हणून."
रुळलेला प्राणी यजमानाचा कूलर बंद करवीत नाही, असे मी म्हटले.
"मंग रुळलं कोन?"
तिला आज सुधारले नाही. उत्तराचा मसुदा घेतला आहे. प्रथम सूनबाईच्या तारखांची दुरुस्ती:

आगमन: सोमवार, १ मे. रविवार नव्हे.
पहिले पोटभर खाणे: ५ मे. आल्या दिवशी नव्हे.
मधल्या खोलीत स्थलांतर: ६ मे.
संध्याकाळी कूलर बंद: तेव्हापासून आजतागायत.
रुळला:

इथवर लिहून थांबलो आहे. ही जागा कोरी ठेवून पत्र टाकले, तर मुलगा त्याचा अर्थ काय घेईल, सांगता येत नाही.