कोळशानं काढलेली तुझी पाठ

आई, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात एकच साधा मोबाइल होता, तोही पप्पांच्या खिशात. त्यामुळे मी आता पोटासाठी काय करते हे तुला समजावताना माझी पंचाईत होणार आहे. पिंपळे सौदागरच्या पुढे एका काचेच्या इमारतीत मी बसते. लोक वेबसाइटवर फोटो आणि चित्रं टाकतात, दुसरे लोक त्यावर तक्रार करतात, आणि तक्रार झालेलं सगळं माझ्या स्क्रीनवर येतं. खाली दोन बटणं: ठेवा, हटवा. उघड्या अंगाचंच जास्त असतं. नियम असा की हातानं काढलेलं असेल तर ती कला, ठेवायची. कॅमेऱ्यानं टिपलेलं असेल तर बहुतेक वेळा हटवायचं. पण हातानं काढलेलं चित्रही कुणी घाणेरड्या पानावर नेऊन टाकलं आणि खाली तसल्याच कमेंट पडल्या, तर ते अश्लील ठरतं. चित्र तेच, बघणारे बदलले की निकाल बदलतो. सुरुवातीला मी यावर साहेबांशी हुज्जत घालायचे. आता चहाचे घोट घेत निकाल देते. तुला हसू येईल, घरात भाजी कोणती करायची हे ठरवताना मात्र माझा तास जातो.

गेल्या मंगळवारी सकाळच्या शिफ्टला एक चित्र आलं. कोळशानं काढलेली एक बाई, पाठमोरी, स्टुलावर बसलेली, अंगावर काही नाही. डाव्या पायाचा अंगठा उजव्या पावलाखाली दाबून धरलेला. आई, असं कोण बसतं गं? पिंपळे गुरवच्या आपल्या दोन खोल्यांत, बसच्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकड्यावर तू अशीच बसायचीस. मग मला खांद्यावरचा डाग दिसला, कढईतलं तेल उडाल्याचा. चित्रकारानं तोसुद्धा सोडला नव्हता. कुणीतरी ते तसल्याच एका पानावर नेऊन टाकलं होतं, खाली पुरुषांच्या कमेंट होत्या. त्या मी तुला सांगणार नाही.

पप्पांच्या कंपनीला टाळं लागलं ते वर्ष. मी सातवीत आहे. तू म्हणतेस, पुण्यात ऑफिस झाडायचं काम मिळालंय. झाडायला जाणारी बाई धुतलेली, इस्त्री केलेली साडी नेसून का जाते, असा प्रश्न मला तेव्हा पडत नाही. एकदा तू पिशवीतून कोळशाच्या तीन कांड्या काढून माझ्या हातावर ठेवतेस. "घे, तिथं पडल्या व्हत्या. चित्रं काढ." त्याच सुमारास एका पुस्तकात जुन्या मूर्तीचा फोटो बघून मी आणि शेजारची मैत्रीण तोंडावर हात धरून हसत होतो, शी म्हणत होतो. तू भाकरी थापत होतीस, ती थांबलीस. "शी काय त्यात? अंग हाय ते. तुजंबी हाय, माजंबी हाय." आवाज असा चढला की मैत्रीण चपला न घालताच पळाली. एवढं चिडण्यासारखं काय होतं, ते मला त्या मंगळवारी कळलं. ऑफिसात नाही, चित्रकलेच्या कॉलेजात तू तासन्‌तास न हलता बसत होतीस, शिकणारी मुलं तुझ्याकडे बघून रेघा ओढत होती, आणि घरी येऊन तू आमच्यासाठी पीठ मळत होतीस. पप्पांना माहीत होतं का? त्यांना विचारायची माझी हिंमत होत नाही.

मी हटवा दाबलं. वाटलं, त्या पुरुषांच्या नजरेतून तुला बाहेर काढलं. पण आमच्याकडे एक चित्र हटवलं की त्याच्या साऱ्या प्रती सगळीकडून जातात. रोजचं काम माझं, तरी त्या क्षणी ते सुचलं नाही. मूळ चित्रकाराच्या पानावरूनही तू गेलीस. दोन दिवसांनी त्याची हरकत आली. आपल्याच निकालावरची हरकत आपण बघायची नसते, म्हणून ती शेजारच्या सहकाऱ्याकडे गेली आणि त्यानं ती मोठ्यानं वाचली. विद्यार्थी असताना काढलेलं चित्र आहे, या बाईंइतकं स्थिर कुणी बसत नसे, त्यांचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही याची आता लाज वाटते, कुणाला ठाऊक असेल तर कळवा, मला ते चित्राखाली लिहायचं आहे. "काय राव, हे तर सरळ सरळ आर्ट आहे," तो म्हणाला. "तू कसं काय उडवलंस?" आणि त्यानं ते परत ठेवलं.

आता तू पुन्हा चित्रकाराच्या पानावर आहेस. रोज कुणी काय लिहिलंय ते मी बघते. मुलीचा डबा भरताना पाठीमागे कुणीतरी स्टुलावर बसलंय असं वाटतं, आणि मी वळत नाही. मला तुझी भीती वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. तुला वाचवायला हटवलं, हे पूर्ण खरं नाही. शेजारचा तेव्हा खुर्ची सरकवून माझ्या स्क्रीनकडे वळत होता. आणि नंतर, ती हरकत वाचून झाल्यावर, त्यानं सहज विचारलं, "ओळखीची आहे का गं ही बाई?"

मी म्हणाले, नाही.