जिन्याच्या उजव्या बाजूचं रेलिंग

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळी संपली. आता कामाला लागायचं.

पूर्णिमाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, रोज दोनदा जिना उतरा, चढा, बाहेर चाला. नाहीतर गुडघा कायमचा आखडेल. आमचा जिना एकतीस पायऱ्यांचा, चांगलाच उभा. उतरताना डाव्या हाताला सागवानी कठडा, उजव्या हाताला नुसती भिंत. तिला दोन्ही बाजूंनी धरायला हवं. उजवीकडे धरायला काही नाही, म्हणून ती उतरत नाही.

उपाय सोपा आहे. उजवीकडे एक रेलिंग.

तात्याराव सुतार बघून गेला. म्हणाला, रविवारी येतो, दोन तासांचं काम. त्याला परत पाठवलं. इमारत हेरिटेज यादीत आहे, ग्रेड तीन. यादीसाठीचा फॉर्म नऊ वर्षांपूर्वी मीच भरला होता. समोरच्यांनी सुट्ट्या बघून अख्खा दर्शनी भाग काचेचा करून घेतला, ते त्यांना शोभतं. आपण रीतसर जायचं.

विम्याच्या क्लेम विभागात चौतीस वर्षं काढली आहेत. कागद परिपूर्ण असला की काम पंधरा दिवसांत होतं. वीस तारखेला मतदान. पूर्णिमा स्वतःच्या पायांनी जिना उतरून मत देईल. कॅलेंडरवर लाल गोल केला.

७ नोव्हेंबर, रात्री जेवणानंतर

फॉर्म आणला. फक्त दोन पानं! ‘कामाचे स्वरूप’ यासाठी दीड ओळ जागा. अशाने या शहराचं काय होणार. स्वतंत्र टिपण जोडायचं ठरवलं. विषय: आमच्या जिन्याचा इतिहास व सौंदर्य. हेरिटेज समितीला कळायला हवं की अर्जदार कोण आहे.

११ नोव्हेंबर

टिपण नऊ पानं झालं. कठड्याच्या खालच्या खांबावर कमळ कोरलेलं आहे, त्यावरच दोन पानं. पूर्णिमाने विचारलं, रेलिंग लावताय की पीएचडी करताय? हसण्यावारी नेलं. तिला कागदाची ताकद माहीत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज दिला. टिपण चौदा पानं, फोटो बावीस. हेरिटेज विभागात उत्कर्षा नावाच्या ज्युनियर इंजिनियर आहेत. आमच्या लेकीपेक्षा, मुक्तापेक्षाही लहान असतील. त्यांनी चाळून पाहिलं आणि म्हणाल्या, काका, हे खूपच डिटेल आहे हो. रेलिंगसाठी साधं लेटर आणि एक फोटो चालला असता, मायनर रिपेअरमध्ये आम्ही इथेच क्लिअर करतो. पण आता तुम्ही एवढं जोडलंय म्हटल्यावर कमिटीपुढेच ठेवावं लागेल.

मी नुसता हसलो. समितीपुढेच जायला हवं होतं.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. पूर्णिमाने गॅलरीतून हात केला. लाल गोल खोडून १५ डिसेंबरला केला.

५ डिसेंबर, गुरुवार

समितीची बैठक झाली नाही. कोरम नव्हता. पुढची कधी, ते ठरायचं आहे. चिंतेचं कारण नाही. तोवर जिन्याच्या लाकडाबद्दल पुरवणी माहिती गोळा करतो.

पूर्णिमा दिवसभर गॅलरीत बसते. भाजीवाल्याला वरूनच सांगते, टोपली दोरीने खाली सोडते. छान जमलंय तिला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज एक आगाऊपणा झाला. तळमजल्यावर शमशुद्दीनचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे. शेजार तीस वर्षांचा. तो महिनाभर मागे लागलाय की रंगरावसाहेब, ड्रिल माझ्याकडे पडून आहे, पाइप लावून टाकतो, कुणाच्या बापाला कळत नाही. मी त्याला नियम समजावले होते. आज नमाजहून आला आणि भिंतीला हात न लावता त्याने काम केलं. आमच्या दाराच्या कडीपासून त्याच्या शटरपर्यंत जाड नायलॉनचा दोर ताणला, मधे कंदिलाच्या जुन्या हुकांत अडकवला. एक भोक नाही, एक खिळा नाही.

पूर्णिमा उतरली. एकतीसच्या एकतीस. मी वरून मोजत होतो. खाली अख्तरबानूभाभींनी खुर्ची टाकली, चहा केला. तासभर दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. वर आली तेव्हा घामाघूम झाली होती, पण चेहरा ऑपरेशनच्या आधीसारखा. उद्या कोपऱ्यावरच्या दत्तापर्यंत जाते म्हणाली. मला खरंच बरं वाटलं.

१६ डिसेंबर, सोमवार

एक गोष्ट तीन दिवस खात होती. अर्ज प्रलंबित असताना जिन्यात बदल झाला आहे. उद्या पाहणीला कुणी आलं, तर चौदा पानांची विश्वासार्हता जाईल. क्लेममध्ये अशी एखादी लपवलेली बाब मी हमखास पकडायचो. म्हणून स्वतः होऊन पुरवणी पत्र दिलं: तात्पुरता दोर बांधला आहे, माहितीस्तव सादर. उत्कर्षा मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, काका, हे इनवर्ड करू का नक्की? मी म्हटलं, करा. आवक क्रमांकही मागून घेतला.

पूर्णिमा आज दत्ताच्या पुढे शाळेपर्यंत जाऊन आली.

१ जानेवारी २०२५

नवीन वर्षाचे संकल्प: (१) पहाटे फिरणे. (२) चिडायचे नाही. (३) रेलिंग.

३ जानेवारी, शुक्रवार

पत्र आलं. विनापरवानगी केलेली तात्पुरती व्यवस्था तीन दिवसांत काढून कळवावे. मात्र दुसऱ्या परिच्छेदात माझ्या टिपणाची ‘विशेष नोंद’ घेतली आहे. हा परिच्छेद पूर्णिमाला दोनदा वाचून दाखवला.

दोर मीच सोडला. शमशुद्दीनला सांगितलं असतं तर वाद झाला असता. पूर्णिमा वरच्या पायरीशी उभी राहून बघत होती. मग तिने आत जाऊन कुकर लावला. मी दोराची गुंडाळी केली, तेव्हा छातीत जड वाटत होतं. बहुधा जिना चढउतार केल्याने.

शमशुद्दीनला दोर परत दिला. त्याने घेतला आणि म्हणाला, तुमची मर्जी. रोज चहा विचारतो, आज विचारला नाही. कामात असेल.

१४ जानेवारी, संक्रांत

अख्तरबानूभाभी तिळगूळ घ्यायला वर आल्या. पूर्णिमाला कुणाकडेच हळदीकुंकवाला जाता आलं नाही. सगळ्यांना फोन केले तिने. गुडघा पुन्हा पूर्ण वाकत नाही म्हणते. थंडीने होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

विजय!

समितीची बैठक झाली. टिपण वाचून सगळे सदस्य थक्क झाले म्हणे. इमारत ग्रेड तीनवरून वरच्या ग्रेड दोनमध्ये घ्यायची शिफारस, आणि जिना स्वतंत्रपणे जतन करण्याजोगा घटक! शहरात असे जिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असं लिहिलंय. हे माझंच वाक्य आहे, पान अकरा. सबब जिन्यास अथवा लगतच्या भिंतीस कोणतीही नवी जोडणी करता येणार नाही.

पाव किलो पेढे आणले. पूर्णिमाने अर्धा खाल्ला. विचारलं, मग रेलिंग? मी म्हटलं, अगं, आता प्रश्न रेलिंगच्या पलीकडे गेला आहे. ती हो म्हणाली. उरलेला अर्धा पेढा बशीत ठेवला.

अपील करता येतं. पूर्णिमा जूनपर्यंत खाली उतरेल. कॅलेंडरवर गोल केला नाही, शाई वाळली होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुक्ता आली हडपसरहून. तिच्या सोसायटीत लिफ्ट आहे, खाली चालायला बाग आहे, फिजिओ घरी येतो. मायलेकींचं फोनवर आधीच ठरलं होतं. मला आज कळलं. मुक्ता मला एवढंच म्हणाली, बाबा, आई पाच महिने त्या गॅलरीत आहे.

मार्केट यार्डातून दोन हमाल आणले होते. पूर्णिमाला खुर्चीत बसवून उतरवलं. खालच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली. मी वरून ओरडलो, खांबाला लागू देऊ नका, कमळ आहे तिथे. हमाल थांबले. पूर्णिमाने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. तिने वर पाहिलं नाही.

खांबाला काही झालं नाही. तपासलं.

काही दिवसांचाच प्रश्न आहे. संध्याकाळी टीव्ही लावला. काय लागलं होतं, आठवत नाही.

९ मार्च

पूर्णिमाचा फोन. सोसायटीला तीन फेऱ्या मारते. काठी सुटली. मी अपिलाचा मसुदा वाचून दाखवायला घेतला. पाचव्या पानावर तिचं दार वाजलं म्हणून तिने फोन ठेवला. बायका बोलवायला आल्या असाव्यात.

अपील सव्वीस पानं होईल.

६ एप्रिल, रामनवमी

मुक्ताचा निरोप: आईच्या लोणच्याच्या बरण्या टेम्पोतून पाठवा, यंदा कैरीचं लोणचं इथेच घालणार आहे. चारही मागितल्या आहेत. एक छोटी ठेवून घेऊ का, विचारणार होतो. नाही विचारलं. वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

भेटायला या म्हणते. अपील झालं की जातो. आत्ता लिंक तुटेल.

हल्ली सकाळी उठलं की घरात कसलाच आवाज नसतो. मला एकटेपणा वाटतो, असं आज पहिल्यांदा मनात आलं. नोंद करून ठेवली.

२१ एप्रिल, सोमवार, दुपारी

उत्कर्षा मॅडम पाहणीला आल्या. अपिलासंबंधी नव्हे; ग्रेड दोनची माहिती भरायची होती. जिन्याचे फोटो काढले, रुंदी मोजली. म्हणाल्या, काका, काय मेंटेन केलाय तुम्ही! एक पायरी झिजलेली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी मान हलवली.

मग फॉर्म काढला. रहिवासी किती? मी सवयीने म्हटलं, दोन. त्यांनी लिहिलं. पुढचा रकाना जिन्याच्या रोजच्या वापराचा. तिथेही दोन लिहायला लागल्या. मीच थांबवलं. चुकीची माहिती दिली की पुढे फाइल अडकते, हे मी चौतीस वर्षं लोकांना सांगत आलो. दोन्ही ठिकाणी खोडायला लावलं आणि एक लिहायला लावलं.

त्यांनी पेन पुढे केलं. खोडाखोड केली की शेजारी अर्जदाराची सही लागते. दोन्ही ठिकाणी केली.