गुलाबी गाठ

मोहाडी, ८ जानेवारी १९८४, रविवार, दिवेलागणीला

नखाखाली अजून गुलाबी आहे. धुवावंसं वाटत नाही.

दुपारी धान कापून झालेल्या बांधीत, शेताच्या बांध घातलेल्या तुकड्यात, बाबांनी लाखोरीच्या डाळीचं एक रोप उपटून माझ्या हातावर ठेवलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. एक नखानं फोडली, तर आतून गुलाबी. म्हणजे आतले जीवाणू राबताहेत, त्यांचं एन्झाइम हवेतला नायट्रोजन धरून रोपाला भरवतंय. ह्याच बांधीतून नेलेले माझे जीवाणू मात्र नागपूरच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं नळीत नुसते वाढले. ते कुंडीतल्या रोपांना दिले, तर मुळांवर एकही गाठ आली नाही. कुंडीतली मातीच वाईट, असं माझ्या मार्गदर्शक सरांना सांगून मी मोकळी झाले होते.

बाबांना सगळं सांगितलं.

"नळीत खाऊ कोण घालते त्याईले, बाई?"

"मीच. दर पंधरा दिवसानं."

"मंग ते काहून राबतीन?"

हसत पुढे निघून गेले. मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावरच बसून राहिले. आयतं खाता खाता गाठी करायची जनुकंच गळून गेली असतील? झोपेत हातातली वस्तू निसटावी, तशी?

नव्या बांधीत लाखोरी टाकण्याआधी बाबा जुन्या बांधीतली टोपलीभर माती विखुरतात. लहानपणी मला तो नैवेद्य वाटायचा. ते तर जीवाणूंचं विरजण होतं.

आईनं डब्यात दिलेला चिवडा कागदात बांधला आणि त्या डब्यात बांधीची माती भरली. गुलाबी गाठींसकट. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून. उद्या सरांच्या टेबलावर आधी डबा उघडेन, मग तोंड.