पाचपैकी पाच

४ नोव्हेंबर, सोमवार

आज नूतन मॅडमचं नाक फोडावंसं वाटलं. गाईड आहेत म्हणून वाचल्या.

एसटीत आदळत धुळ्याहून जळगावला गेले, चौतीस मुलींचे तक्ते त्यांच्या टेबलावर ठेवले, आणि बाई हसल्या. "संघमित्रा, तुझ्या मुलींची स्मरणशक्ती ठोसे खाल्ल्यावर वाढते की काय?"

विषय सरळ आहे. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर मार बसला की मेंदूला धक्का बसलाय का, ते रिंगजवळच्या रिंगजवळ कसं ओळखायचं? इंग्रजीतली चाचणी मी मराठीत आणली. मुलीला पाच शब्द सांगायचे. मग महिने उलट्या क्रमाने म्हणायला लावायचे, एका पायावर उभं करायचं, आणि पाच मिनिटांनी ते शब्द परत विचारायचे. केळं, कुलूप, चादर, पाटी, भोवरा. हंगामाच्या सुरुवातीला एकदा, नंतर प्रत्येक जबर ठोशानंतर. जूनमध्ये सरासरी आली साडेतीन. मार खाल्ल्यावर पावणेपाच.

मॅडम म्हणतात मूळ चाचणीत सहा याद्या आहेत, तू एकच का केलीस? मी म्हटलं, शब्द बदलले तर तुलना कशाची करायची? आवाज चढला माझा. शेजारच्या केबिनमधले सर डोकावून गेले.

खरं म्हणजे उरलेल्या पाच याद्यांचा कंटाळा केला. हे फक्त इथे.

५ नोव्हेंबर

आई म्हणते वरणात दोनदा मीठ पडलं. पडलं असेल. थिसिस लिहिणाऱ्या बाईला स्वयंपाकाला लावलं की असंच होणार.

१८ नोव्हेंबर, सोमवार

हॉलवर. कोच झुलाल सरांनी आज एका पोरीच्या पोटऱ्यांवर उडी मारायची दोरी ओढली. हात खाली आला म्हणून. लाल वळ उठले. पोरगी रडली नाही. मीही रडायचे नाही. दहा वर्षं याच माणसाच्या दोरीखाली काढली मी आणि राज्याचं रौप्य आणलं. त्यांच्यावर राग येतो आणि त्यांनी "शाब्बास" म्हटलं की अजूनही पाठ ताठ होते. काय करायचं या पाठीचं?

सरांना सध्या एकच नाव दिसतं — समीक्षा. साठ किलो, एकोणीस वर्षांची, चाळीसगावहून रोज सकाळच्या गाडीने धुळ्याला येते. वडील भाईदास गवंडीकाम करतात. चौदा डिसेंबरला जळगावात निवड चाचणी. तिथे जिंकली तर राज्य स्पर्धा, तिथलं पदक म्हणजे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर हक्क. पोरगी झोपेतसुद्धा डावा हात गालाशी ठेवत असेल.

आज तिला एक उजवा बसला, डोळ्याखालची कातडी फाटली, रक्त ओठापर्यंत आलं. तिने जिभेने चाटलं आणि पुढे गेली. मी चाचणी घेतली. पाचपैकी पाच.

२५ नोव्हेंबर

गाडीची किल्ली सापडेना. तासभर आईवर ओरडले. फ्रिजमध्ये होती. आईने ठेवली असणार. ती नाही म्हणते.

५ डिसेंबर, गुरुवार

हे नीट लिहायला हवं.

समीक्षाला साठ किलोची जोडीदार मिळेना. सर म्हणाले, "संघमित्रा, चढ तू." मी अभ्यास करायला येते तिथे, खेळायला नाही. हे तोंडाने म्हणत होते आणि हात पट्ट्या गुंडाळत होते.

पहिल्या फेरीत तिने मला धुतलं. दोन जॅब नाकावर, एक बरगडीत. डोळ्यांतून पाणी. आणि पोरी बाहेरून हसल्या. नुसत्या हसल्या, वाईट काही नाही. पण माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. दुसऱ्या फेरीत मी तिला दोरांवर रेटलं, पोटात तीन दिले, हात खाली आले तशी कानशिलावर डावा हुक. पूर्ण कमरेतून. हेडगार्ड सरकलं. तिचे डोळे एकदम रिकामे झाले आणि ती सरळ उताणी पडली, डोकं लाकडी फळीवर आपटलं. तो आवाज.

मला बरं वाटलं. लिहून ठेवते. एक क्षण, दोन क्षण, फार बरं वाटलं.

मग धावत तिच्यापाशी गेले. पाणी मारलं. आठ-दहा सेकंदांनी उठली. "ताई, भारी मारला." मी शब्द सांगितले, महिने विचारले, एका पायावर उभं केलं. डिसेंबरनंतर ऑक्टोबर म्हणाली. पायावर डुलली. पाच मिनिटांनी शब्द — धडाधड. पाचपैकी पाच.

महिन्यांत ती आधीपासून कच्ची आहे. डुलणं थकव्याने. मी तक्त्यात लिहिलं — खेळण्यास योग्य. सही केली.

६ डिसेंबर, शुक्रवार

आई दादरला गेलीय, चैत्यभूमीवर. घर रिकामं. हॉल बंद, पण समीक्षाला फोन केला. म्हणाली, "डोकं नही दुखस ताई. काल भरीत जास्ती खादं, म्हनीसन उलटी व्हयनी." चाळीसगावच्या वांग्याच्या भरितावर ढकललं तिने, आणि मीही ढकलू दिलं.

८ डिसेंबर

सहा वर्षांपूर्वी हरियाणाच्या मुलीने मला आडवी केली होती. छताचे दिवे आठवतात, त्यानंतर एकदम हॉस्टेलची खोली. मधले चार तास नाहीत. कुणी काही विचारलं नाही तेव्हा. दुसऱ्या दिवशी सरांनी परत उभं केलं. म्हणून तर हा विषय घेतला! जूनमध्ये फॉर्म तपासायला मी माझीही चाचणी घेतली होती. पाचपैकी पाच. म्हणजे माणूस सावरतो.

१० डिसेंबर

समीक्षा आज बॅगवर मारताना थांबली आणि भिंतीला टेकली. सरांनी दोरी उगारली. मी मध्ये हात घातला, माझ्या मनगटावर बसली. परत चाचणी घेतली. पाचपैकी पाच. सर म्हणाले, "बघ! तुझाच कागद सांगतो."

माझाच कागद.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सर समीक्षाला घेऊन काल जळगावला गेले. मी आज हॉलवर लवकर पोचले. नेहमी सराव निम्मा झाला की जाते, आज मुलींचा वॉर्मअप चालला होता. बारा मुली, बारा दोऱ्या, एका तालात. आणि तोंडाने —

केळं — कुलूप — चादर — पाटी — भोवरा. केळं — कुलूप — चादर — पाटी — भोवरा.

मी दारातच उभी राहिले. आधी हसू आलं. मग आत घुसले.

एकीला दंडाला धरून बाजूला घेतलं. जोरात धरलं असणार, नखं रुतली. "कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "सरांनी, दिवाळीच्या कितीतरी आधी. तुमच्या परीक्षेचं आयएमपी आहे ना ते."

सरांना फोन लावला. अजिबात लाज नाही! "अगं, परीक्षा म्हटली की मास्तर महत्त्वाचे प्रश्न देतोच. माझ्या पोरी नापास झाल्या तर तुझ्याच पुस्तकात नाव खराब होईल ना हॉलचं. मी तुझ्यासाठी केलं." मी किंचाळले की हे शब्द पाठ असले तर डोकं फुटलेली पोरगीसुद्धा पास होते. ते म्हणाले, उद्या दहाला बाउट आहे, पोरीचं मन बिघडवू नकोस. फोन कट. मग बंदच.

चौतीस मुली. सगळे तक्ते रद्दी. ते गेलं खड्ड्यात. पाच तारखेचा माझा हुक, फळीवरचा आवाज, उलटी, भिंत — आणि खाली माझी सही. उद्या पहिल्या गाडीने जळगाव.

१४ डिसेंबर, शनिवार

मुठीला पट्टी आहे, अक्षर असं येणार.

साडेसहाची एसटी पकडली. जळगावला उतरले, स्टँडबाहेर रिक्षावाल्याला स्टेडियम म्हटलं, तर तो बघतच राहिला. एरंडोल होतं ते! दोनशे वेळा या रस्त्याने गेले असेन. मी एरंडोलला उतरले, जळगाव समजून. पुढची गाडी पाऊण तासाने. स्टँडवरच्या खांबाला लाथा घातल्या, अंगठ्याचं नख उलटलं.

पोचले तेव्हा पहिली फेरी संपत आली होती. समीक्षाचे हात कमरेपाशी. भुसावळची मुलगी मारत होती आणि ही खात होती. नाकातून धार, हनुवटीवरून बनियनवर. घंटा झाली तर ही भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसली. सरांनी ओढून आणली.

मी दोरापाशी चढले. "सर, थांबवा." त्यांनी छातीवर हात ठेवून मला ढकललं. "उतर खाली." मी मारलं. डावा हुक, त्यांनीच शिकवलेला. दात ओठात घुसला त्यांचा, माझ्या मुठीवरही कापलं. सगळं स्टेडियम उठून उभं. दोघा-तिघांनी मला धरलं, केस ओढले. मी रिंगच्या डॉक्टरांना ओरडून सांगत होते — तिला शब्द विचारा, नवे शब्द विचारा!

डॉक्टर तरुण होते. काय वाटलं त्यांना कोण जाणे, आले. समीक्षासमोर वाकून सावकाश म्हणाले, "वांगं, खिळा, टॉवेल, बैल, शिट्टी. म्हण बरं माझ्यामागे."

समीक्षा हसली. रक्ताळलेल्या दातांनी. शहाण्या मुलीसारखी ताठ बसली आणि म्हणाली, "केळं, कुलूप, चादर, पाटी, भोवरा."

डॉक्टरांनी तिचे ग्लोव्ह्ज काढायला सांगितले.

१५ डिसेंबर, रविवार

जळगाव, दवाखाना. मेंदूवर रक्ताचा पातळ थर आहे. कालचा नाही. डॉक्टर म्हणाले आठ-दहा दिवसांचा जुना. काल अजून एखादा बसता तर सांगता आलं नसतं. ऑपरेशन लागणार नाही बहुतेक. पण रिंग संपली.

भाईदासभाऊ व्हरांड्यात बसले होते. हातांना सिमेंट तसंच, कामावरूनच आलेले. "जयभीम, ताई," म्हणाले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाच तारीख. माझा हुक. मला बरं वाटलं होतं, तेही. वाटलं, हा माणूस मला मारेल. मारावं त्याने. मी हात खालीच ठेवले.

त्यांनी मान वर केली नाही. "मारं ते मारं. तो खेळ शे. पन मंग पास काबर करं तिले?"

 

१६ डिसेंबर

समीक्षाला पाच तारीख आठवतच नाही. मला विचारते, "ताई, तुम्ही कधी माझ्याशी खेळणार?"

१९ डिसेंबर, गुरुवार

सरांच्या ओठाला चार टाके. तक्रार करणार नाहीत म्हणे. हॉलच्या दारात भेटले. "पोरगी कशी आहे?" एवढंच. हातात दोरी नव्हती. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा संताप आला. त्यांनी फसवलं असं म्हणायची सोय मला नाही. त्यांनी पाच शब्द पाठ करून घेतले. पाचच ठेवले होते मी.

मॅडमना सगळं लेखी दिलं. रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

३० डिसेंबर, सोमवार

मॅडमनी सहा नव्या याद्या केल्या आहेत. मुलींवर वापरण्याआधी कुणावर तरी करून बघू म्हणाल्या आणि मलाच समोर बसवलं. पाच शब्द वाचले. महिने उलटे म्हणवून घेतले, एका पायावर उभं केलं. पाच मिनिटांनी म्हणाल्या, सांग आता.

मी न अडखळता सांगितले. केळं, कुलूप, चादर, पाटी, भोवरा.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.